लोकसभेची निवडणूक पुन्हा पळसाच्या ऋतूत घ्यावी का?

लोकमान्यनगरकर (१२ जानेवारी, रात्री ९:४०)

गेल्या आठवड्यात इंदुरात मावठा झाला. दोन दिवस रिपरिप लागली, मग ढग निघून गेले आणि उत्तरेचा वारा सुटला. तो सुटला की माळव्यात खरी थंडी पडते, हे लहानपणापासून पाहत आलो आहे. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग कोरडी, गार हवा आमच्या पठारापर्यंत उतरते, असे त्याचे शास्त्र आहे. ते खरेच असणार. मला मात्र ती हवा सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना कळते. कढईतून काढलेल्या फोडींवर मसाला आणि लिंबू पडेपर्यंत त्या इतक्या निवतात की जीभ भाजत नाही.

परवा तिथे उभा असताना शेजारी चार जण दिल्लीच्या राजकारणावर वाद घालत होते आणि बराच वेळ कोणाचाही आवाज चढला नाही. माझा एक जुना समज आहे: थंडीत माणूस दुसऱ्याचे पुरते ऐकून घेतो, कारण शेकोटी सोडून जाणे त्याला परवडत नाही. मे महिन्यात त्याला फक्त घरी जायचे असते.

फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत सिमरोल घाटापलीकडच्या एका गावी माझी ड्युटी लागली होती. सकाळी अंगात स्वेटर, दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा. शाळेच्या आवारात एक पळस असा फुलला होता की रांगेतल्या बायका झाडाखालची फुले वेचूनच आत येत. मतदान संपल्यावर लिफाफ्यांवर मोहरा लावायला बसलो. मेणबत्तीवर धरलेली लाखेची कांडी वितळून माझ्या अंगठ्यावर टपकली, तेव्हा गावचा कोतवाल हसून म्हणाला, ‘मास्तर, ही लाख बाहेरच्या झाडाचीच समजा.’ लाखेचा किडा कुसुम आणि बोरीप्रमाणे पळसावरही पोसतात, हे मी शिक्षक असूनही त्या दिवशी शिकलो.

आता लोकसभेची निवडणूक वैशाखात होते. मंडप तापतो, उमेदवार घामाघूम होतो आणि भाषण ऐकायला आणलेला माणूस पाण्याच्या टाकीशी उभा राहतो. हे पुन्हा माघ-फाल्गुनात नेता येणार नाही का, आणि नेता येत असेल तर न्यावे का, हा माझा प्रश्न आहे.

---

अनुस्वार (१२ जानेवारी, रात्री १०:०५)

काका, कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. महिना बदलल्याने उमेदवार थोडेच बदलणार आहेत?

---

लोकमान्यनगरकर (१२ जानेवारी, रात्री १०:२०)

ही म्हण येणार हे ठाऊक होते, तरी पंचवीस मिनिटांत येईल असे वाटले नव्हते. पळस ऐन फुलात असतो तेव्हा त्याच्यावर एकही पान नसते, एवढेच आपल्या नजरेस आणून देतो.

---

कायद्याचे बोला (१३ जानेवारी, सकाळी ७:५०)

मुळात निवडणूक उन्हाळ्यात गेली कशी, हे आधी पाहिले पाहिजे, कारण ती कोणी ठरवून तिथे नेलेली नाही. पहिली निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी, म्हणजे जवळजवळ संपूर्ण हिवाळाभर चालली. १९६२ आणि १९६७ ची मतदाने फेब्रुवारीत झाली, १९७१ चे मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत, १९७७ चे १६ ते २० मार्चला. १९८० साली ३ आणि ६ जानेवारी अशा दोन दिवसांत देशाचे मतदान उरकले. १९८४ चे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात झाले. १९८९ च्या नोव्हेंबरात इंदुरातून सुमित्राताई महाजन पहिल्यांदा निवडून आल्या. १९९१ आणि १९९६ चे अपवाद सोडले, तर विसाव्या शतकातली बहुतेक महत्त्वाची मतदाने थंडीत किंवा वसंताच्या तोंडावर झालेली आहेत.

गाडी रुळावरून घसरली ती १९९९ नंतर. ते मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरात झाले, म्हणजे पुढचे २००४ च्या शरदात यायला हवे होते. वाजपेयी सरकारने फेब्रुवारी २००४ मध्ये लोकसभा विसर्जित करून मतदान एप्रिल-मे महिन्यांत घेतले. डाव फसला तो फसलाच, पण तारीख मात्र कायमची चिकटून बसली. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने आपली मुदत जवळपास पूर्ण केली, त्यामुळे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ ही चारही मतदाने त्याच तव्यावर भाजली गेली. स्थिर सरकारे हवीत, अशी आपणच प्रार्थना करत होतो. तिच्याबरोबर ऊनही पदरात पडले.

कायद्याची अडचण फारशी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८३ प्रमाणे लोकसभेची पाच वर्षे पहिल्या बैठकीपासून मोजतात आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १४ मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत निवडणुकीची अधिसूचना काढू देते. विद्यमान लोकसभा २४ जून २०२४ रोजी प्रथम बसली. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी २०२९ मध्ये मतदान घ्यायला कायदा आड येत नाही.

---

रात्रपाळी राजवाडा (१३ जानेवारी, दुपारी १:१५)

वरील माहितीबद्दल आभार, पण काकांच्या शेकोटीच्या सिद्धांताला माझा विरोध आहे. उन्हाने लोकशाही करपत असती तर मतदान घटले असते. प्रत्यक्षात २०१४ साली सुमारे ६६ टक्के आणि २०१९ साली सुमारे ६७ टक्के मतदान झाले, आणि दोन्ही वेळा तो तोवरचा उच्चांक होता. काकांच्या त्या फुललेल्या पळसाच्या १९९८ मध्ये आकडा ६२ च्या आसपास होता. लोकांना मत द्यायचे असते तेव्हा ते टोपी घालून येतात.

इंदुरात २०२४ साली मतदान २०१९ पेक्षा घटले, हे खरे आहे. त्याचे कारण १३ मेचे ऊन होते असे मला वाटत नाही. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्जच मागे घेतल्यावर लढत उरली नव्हती. तरीही २,१८,६७४ लोक बाहेर पडले आणि त्यांनी ‘नोटा’चे बटण दाबले. विजयी उमेदवाराचे मताधिक्य ११ लाख ७५ हजारांवर गेले. या दोन लाख लोकांना छप्पन दुकान या खाऊगल्लीत मत देणाऱ्यांना वाटलेल्या फुकट पोहे-जिलेबीने बाहेर काढले, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने आधी जिलेबीच्या रांगेत उभे राहून दाखवावे.

---

लोकमान्यनगरकर (१३ जानेवारी, दुपारी ३:००)

आकडे मान्य आहेत. पण मत देण्याला पाच मिनिटे लागतात आणि मत बनण्याला दोन महिने. माझी तक्रार त्या दोन महिन्यांबद्दल आहे. १६ मार्च २०२४ ला निवडणूक जाहीर झाली आणि ४ जूनला निकाल लागला. मधल्या काळात आमच्या कॉलनीत एकही उमेदवार पायी फिरला नाही. पूर्वी थंडीत ते गल्लीत येत, ओट्यावर बसत, चहा पीत आणि वीजबिलाचे प्रश्न टाळत. टाळत होते हे खरे, पण समोर बसून टाळत होते.

---

मोरारचा मुक्काम (१३ जानेवारी, रात्री ८:३०)

इंदूरकरांची थंडी म्हणजे शालीची थंडी. ग्वाल्हेरला येऊन पाहा. इथे जानेवारीत सकाळी दहापर्यंत धुके हटत नाही, समोरचा किल्ला आठ-आठ दिवस दिसत नाही आणि दिल्लीकडून येणारी गाडी केव्हा येईल हे स्टेशनमास्तरही छातीठोकपणे सांगत नाही. अशा दिवसांत केंद्रीय दलांच्या तुकड्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कशा न्यायच्या? निवडणुकीचे सात टप्पे या हालचालींसाठीच तर पाडावे लागतात.

तरी थंडीतल्या निवडणुकीला एक रंग असतो, हे मान्य करतो. डिसेंबर १९८४ च्या निवडणुकीत इथे अटलजींच्या विरोधात ऐन वेळी माधवराव शिंदे उतरले. मी तेव्हा दहावीत होतो. पाटणकर बाजारात रात्री जागोजागी शेकोट्या पेटलेल्या असत आणि प्रत्येक शेकोटीचे एक मत ठरलेले असे. आमच्या घरात तर एकाच शेगडीभोवती दोन पक्ष बसत: आजोबा महाराजांचे, वडील अटलजींचे. कोळसे कोणी आणायचे यावरून भांडण होई, मतावरून नाही. अटलजी सुमारे पावणेदोन लाख मतांनी पडले. त्यांचा साठावा वाढदिवस त्याच आठवड्यात होता. वडील दोन दिवस जेवले नाहीत आणि आजोबांनीही पेढे आणले नाहीत. लोकमान्यनगरकर म्हणतात ते ‘पुरते ऐकून घेणे’ कदाचित हेच असेल.

---

सांवेरचा शेतकरी (१४ जानेवारी, सकाळी ६:१०)

संक्रांतीच्या शुभेच्छा. रात्रभर गव्हाला पाणी फिरवून आता घरी आलो आहे, म्हणून या वेळी लिहितो.

थंडी सुंदर असते ती ज्याला वीज दिवसा मिळते त्याला. आमच्याकडे मोटर चालवण्याची पाळी रात्रीची आली की गुडघाभर गाऱ्यात उभे राहून दांड फोडावा लागतो. बुटात पाणी गेले की पहाटेपर्यंत बोटे आपली वाटत नाहीत. या दिवसांत आमच्या मनात एकच राजकारण असते, ते म्हणजे पाला, अर्थात दव गोठवणारी थंडी, पडेल की नाही. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा चारच्या खाली, अशी रात्र आली की हरभऱ्याच्या घाट्यांवर दव गोठते आणि दुपारपर्यंत पीक उकडल्यासारखे काळे पडते. त्यावर उपाय म्हणजे हलके पाणी द्यायचे आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. या धुराला शेकोटी म्हणू नका.

आता मूळ प्रश्न. शेतकऱ्याच्या सोयीने विचारत असाल, तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ठीक आहे. शेवटचे पाणी देऊन होत आलेले असते आणि गव्हाची कापणी मार्चमध्ये लागते. एप्रिलमध्ये गहू मंडीत नेऊन ट्रॉलीच्या रांगेत झोपायचे असते, तेव्हा सभेला कोण येणार? मात्र नेत्यांच्या दृष्टीने विचार करा. फेब्रुवारीत पीक शेतात उभे असते आणि भाव अजून ठरलेला नसतो, म्हणजे आम्ही अत्यंत अवघड प्रश्न विचारण्याच्या मनःस्थितीत असतो.

---

बडोद्याची माई (१४ जानेवारी, दुपारी ४:४५)

आज इथे सगळे गच्चीवर आहेत आणि मी एकटी खाली उंधियूची राखण करत बसले आहे, म्हणून हा धागा नीट वाचता आला.

आमच्याकडे पळसाला केसूडो म्हणतात. जांबुघोडा आणि छोटा उदेपूरच्या वाटेला लागलात की फाल्गुनात दोन्ही बाजूंनी तोच. सासूबाई होळीच्या आदल्या रात्री वाळलेली फुले तांब्याच्या घंगाळात भिजत घालत आणि सकाळी त्या केशरी पाण्याने सगळ्या मुलांना आंघोळ घालत. त्याने उन्हाळ्यात घामोळे येत नाही, असा इथला समज आहे. चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो. एका वर्षी मी उत्साहाने मूठभर टाकला आणि धाकट्या दिरांना आठवडाभर खाज सुटली. तो विषय घरात अजून निघतो.

निवडणुकीचे म्हणाल, तर २०१४ साली नरेंद्रभाई आमच्या बडोद्यातून उभे राहिले, ५ लाख ७० हजारांच्या मताधिक्याने निवडून आले आणि वाराणशी ठेवून बडोदे सोडून गेले. मतदान ३० एप्रिलला होते. मी रांगेत दीड तास उभी राहिले आणि माझ्या पुढच्या बाईंना भोवळ आली. त्यांना सावलीत नेऊन बसवले, पण शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला की माझा नंबर कोणी घेतला. तेव्हा रात्रपाळीचे म्हणणे मला पटते, मात्र त्या बाईंचे हाल कोणत्याही टक्केवारीत दिसत नाहीत.

---

अनुस्वार (१५ जानेवारी, सकाळी ११:००)

विषयांतराबद्दल क्षमा असावी. कालच देवासकडे जाताना बायपासच्या कडेला एक झाड लालभडक फुललेले दिसले. पळस इतक्या लवकर फुलतो का?

---

लोकमान्यनगरकर (१५ जानेवारी, सकाळी ११:३५)

खोड सरळ, फांद्या आडव्या आणि फुले वाटीएवढी, मांसल होती का? मग ती काटेसावर, हिंदीत सेमल. तीही जरा घाईने फुललेली. पळसाचे खोड वेडेवाकडे असते, फुले केशरी आणि पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, म्हणूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात: ‘हा पोपट तर नव्हे?’ कळ्यांचे देठ काळपट मखमलीसारखे असतात. ते दिसू लागले की फुलायला फार दिवस उरलेले नसतात. दोन्ही झाडांवर भोरड्यांचे थवे उतरतात. पार मध्य आशियाकडून येऊन हिवाळाभर इथे खातात आणि एप्रिलमध्ये परत जातात, म्हणजे नेमक्या मतदानाच्या वेळी गायब.

---

रात्रपाळी राजवाडा (१५ जानेवारी, दुपारी १२:१०)

रानफुलांचा विषय निघालाच आहे, तर आपण सगळे पळसाचे लाड करता आणि पिवळ्या धोतऱ्याला विसरता. रस्त्याच्या कडेला, ढिगाऱ्यावर, सरकारी जागेवर, कुठेही उगवतो, अंगभर काटे, मूळचा मेक्सिकोचा. त्याचे बी मोहरीत मिसळले तर तेल विषारी होते. आणि हिंदीतले त्याचे नाव सत्यानाशी. निवडणुकीचे फूल निवडायचे असेल तर माझे मत त्याला.

---

फळा आणि खडू (१६ जानेवारी, रात्री ९:२०)

मी शिक्षिका आहे आणि सोळा वर्षांत सात निवडणुकांचे काम केले आहे. लोकमान्यनगरकर काका स्वतः शिक्षक असून त्यांना ही अडचण सुचली नाही, याचे नवल वाटते.

मतदान केंद्र म्हणजे शाळा आणि मतदान अधिकारी म्हणजे बहुतांशी आम्ही. फेब्रुवारी आणि मार्च हे दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षांचे महिने आहेत. प्रात्यक्षिके जानेवारीपासून सुरू होतात. मे महिन्यात शाळा रिकाम्या असतात, बाक मोकळे असतात आणि आम्हीही मोकळ्या आहोत असे प्रशासनाला वाटते, म्हणूनच ही तारीख सर्वांना सोयीची आहे. १९९८ मध्ये परीक्षा मार्चमध्ये सुरू होत. आता त्या फेब्रुवारीतच सुरू होतात. काकांचा ऋतू परीक्षेने आधीच पळवला आहे.

उन्हाबद्दल बोलायचे तर मलाच बोलू द्या. मे महिन्यात आदल्या दिवशी सकाळी सामान घ्यायला मैदानात जायचे, यंत्रे तपासून, सह्या करून बसची वाट पाहायची, पत्र्याच्या शेडखाली मुक्काम करायचा आणि पहाटे साडेपाचला मॉकपोल, म्हणजे यंत्रावरचे चाचणी मतदान, घ्यायचा. गेल्या वेळी आमच्या खोलीत पंखा होता, पण त्या सॉकेटवर वेबकास्टिंगचा कॅमेरा लावायचा होता, त्यामुळे दिवसभर पंखा बंद राहिला. शाईची बाटली उन्हात ठेवू नये, अशी सूचना मिळाली होती. आमच्याबद्दल तशी सूचना नव्हती.

---

कायद्याचे बोला (१७ जानेवारी, सकाळी ८:१५)

ताई, आपला शेवटचा परिच्छेद निवडणूक आयोगापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचला आहे. २०२४ च्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मतदान कर्मचारी उष्णतेने दगावले. निकालाच्या आदल्या दिवशी तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी जाहीरपणे मान्य केले की निवडणूक निदान एक महिना आधी संपवायला हवी होती. २०१९ मध्ये नितीश कुमारांनीही मत देऊन बाहेर आल्यावर, निवडणूक फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी, असे म्हटले होते.

तरी निवडणूक अलीकडे सरकत नाही, त्यामागे परीक्षेहून मोठे कारण आहे असे मला वाटते. निकाल मार्चमध्ये लागला तर जुनी लोकसभा जूनपर्यंत बसून राहणार नाही. नवी येणार म्हणजे सत्तेवरचे तीन महिने कमी होणार. कोणत्याही पक्षाचे सरकार हे आनंदाने करणार नाही. केले तर २००४ सारखे, स्वतःच्या फायद्याचा हिशेब मांडून करील. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेले आणि संयुक्त समितीकडे गेलेले एकत्र निवडणुकांचे विधेयकही सगळ्या विधानसभा लोकसभेच्या मुदतीला बांधू पाहते. तसे झाले तर मध्य प्रदेशाचे नोव्हेंबरातले, गुलाबी थंडीतले विधानसभेचे मतदानही लोकसभेच्या मागोमाग उन्हात जाण्याची शक्यता आहे. म्हणजे लोकमान्यनगरकरांना हवे त्याच्या नेमके उलट.

---

मोरारचा मुक्काम (१७ जानेवारी, सकाळी ९:००)

मग नोव्हेंबरच का नको? विधानसभा तिथे होतेच आहे. धुके नाही, परीक्षा नाही, बर्फाचाही त्रास कमी. पहिल्या निवडणुकीत हिमाचलातल्या ‘चिनी’ नावाच्या तालुक्यात बर्फ पडायच्या आत, २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतदान उरकले होते आणि श्याम शरण नेगी तिथेच पहिले मतदार ठरले. नोव्हेंबरात फक्त पळस फुलत नाही.

---

सांवेरचा शेतकरी (१७ जानेवारी, रात्री ८:००)

नोव्हेंबरात सोयाबीन विकून गव्हाची पेरणी चाललेली असते आणि सोसायटीपुढे खतासाठी रांग असते. तिथे सभा घेतली तर गर्दीची चिंता नाही, फक्त ती गर्दी युरियासाठी आलेली असेल.

---

लोकमान्यनगरकर (२४ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०)

धागा थंड झाला आहे हे जाणून पुन्हा लिहितो. आज अठ्ठावीस वर्षांनी सिमरोलच्या पुढे त्या गावी गेलो होतो. घाटात पळस ऐन भरात आहे. वळणावळणावर डोंगर पेटल्यासारखे वाटतात आणि खाली सगळे गवत वाळलेले. शाळा आता दुमजली झाली असून तिला कुंपणभिंत आणि लोखंडी फाटक आले आहे. कोतवाल वारला, असे दुकानदाराने सांगितले.

फाटकाशी मला चौकीदाराने अडवले. आत बोर्डाचा पेपर चालू होता आणि शंभर मीटरच्या आत थांबायचे नाही, असे तो म्हणाला. मी म्हटले, फक्त झाड पाहायचे आहे. त्याने मला नीट न्याहाळले आणि विचारले, ‘कॉपी पुरवायला आलात का?’ वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी हा संशय सुखावणारा होता. भिंतीवरून झाडाचा शेंडा तेवढा दिसला. एक शिंजीर चोचीने फुले ढुंढाळत होता. खालची फुले आत पडत होती आणि ती वेचायला कोणी नव्हते.

फळा आणि खडू, आपली हरकत मी फेटाळत नाही, मान्य करतो. मोरारचे नोव्हेंबरही नाइलाजाने मान्य करतो. एकच विचारायचे आहे: पेपर कधी संपतात? त्या दिवशी पुन्हा जाईन म्हणतो.

---

फळा आणि खडू (२४ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

काका, मार्च उजाडेल. आपण ज्या पेपरच्या वेळी गेलात त्याच पेपरला मी दुसऱ्या केंद्रावर पर्यवेक्षण करत होते. खिडकीबाहेर काटेसावर होती आणि अर्धी मुले तिकडेच पाहत होती.

---

सांवेरचा शेतकरी (२५ फेब्रुवारी, सकाळी ६:४०)

तोवर इकडे या. यंदा पाला पडला नाही, हरभरा वाचला आहे. रविवारी बांधावर हुळा भाजणार आहोत. बांधाला पळसाची दोन झाडे आहेत आणि चौकीदार नाही. किती जण येणार ते शनिवारपर्यंत कळवावे, म्हणजे तितका हरभरा उपटून ठेवतो.

---

अनुस्वार (२५ फेब्रुवारी, सकाळी ७:१५)

मी एक. काकांना गाडीतून आणतो. निवडणुकीचा विषय निघाल्यास ‘नोटा’ म्हणून हुळ्याकडे तोंड करून बसेन.